आजीचं पोर्ट्रेट, पण डोळे काही जिवंत होऊन नाही राहिले

पऱ्हाटीवाला | २१ एप्रिल, रात्री ११.१२

राम राम मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितो, चुकभूल सांभाळून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजीकडचा. वावर आहे, उन्हाळ्यात हात रिकामा राहते म्हणून चित्र काढतो. शाळेत एलिमेंटरी अन् इंटरमिजिएट दिल्या होत्या, दोन्हीत बी ग्रेड, त्यानंतरचे मास्तर म्हणजे यूट्यूब.

आजी मागच्या दिवाळीनंतर गेली. वय ऐंशीच्या आसपास, नेमकं कोणालेच माहीत नाही. वर्षश्राद्धापर्यंत तिचं एक मोठं चित्र करायचं ठरवलं. नुसतं रंगवलेलं नको होतं, मिक्स मीडिया (रंग, कागद, कापड सगळं एकत्र) पाहिजे होतं म्हणून दोन बाय तीन फुटाच्या प्लायवर जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) मारला, त्यावर पेपरातल्या कापसाच्या भावाची कात्रणं फेविकॉलनं चिकटवली, पदराच्या जागी तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावला, चेहरा कोळशानं उभा केला, वरून अॅक्रेलिक अन् थोडे ऑइल पेस्टल. नाक, तोंड, गालाच्या सुरकुत्या, नाकातली फुली, सगळं जमलं. आई पाहून म्हणे "हो, थेच हाय." अन् मग डोळ्यापाशी आली अन् गप्प झाली.

डोळे मेलेल्या मासोळीवाणी दिसून राहिले. चार वेळा पुसले, चार वेळा काढले. फोटो दोनच आहेत, एक आधार कार्डाचा अन् एक कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात ती कोपऱ्यात खाली मान घालून बसली आहे. डोळ्यात भाव आणायचा तर कोणतं मीडियम वापरायचं? अॅक्रेलिक, पेस्टल का आणखी काही?

सोनपापडी | २१ एप्रिल, रात्री ११.३०

आधारच्या फोटोवरून काढलं अन् मेल्यासारखं दिसते म्हणता? मंग तं फोटोशी एकदम जुळलं ना भाऊ. आधारवर मी स्वतः फरार आरोपी दिसतो.

रंगीत_मास्तर | २२ एप्रिल, सकाळी ६.०५

नमस्कार. मी गेली एकवीस वर्षं चित्रकला शिकवतोय (बुलढाणा जिल्हा), एटीडी (कला शिक्षकाची पदविका) झालेला आहे. मुळातच प्रश्न चुकला आहे. मीडियमनं भाव येत नसतो, रचनेनं येतो. आधी मापं तपासा. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, नवशिके नेहमी कपाळात नेऊन बसवतात. दोन डोळ्यांच्या मधे एका डोळ्याएवढी जागा. खऱ्या आकाराचं चित्र असेल तर बुबुळ साधारण ११ ते १२ मिलिमीटर, त्याच्या वरचा थोडा भाग वरच्या पापणीखाली झाकलेला, खालच्या पापणीला नुसतं टेकलेलं. आख्खं गोल बुबुळ दाखवलं की माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो.

दुसरं, पांढरं पांढरं नसतं. डोळा हा गोळा आहे, लिंबासारखा, त्याला कडेला सावली येणारच, वर पापणीचीही सावली पडते. ट्यूबमधला पांढरा थेट लावला असेल तर तिथंच मेलात.

पऱ्हाटीवाला | २२ एप्रिल, सकाळी ७.४०

मास्तर, तिथंच मेलो. टिटॅनियम व्हाइट थेट ट्यूबमधून. बुबुळ काळ्यानं. अन् चमक यावी म्हणून पांढऱ्या जेल पेननं तीन-तीन ठिपके.

वैनगंगा | २२ एप्रिल, सकाळी ९.१५

तीन ठिपके??? अरे दादा, डोळा आहे का लुडोचा फासा.

ती चमक म्हणजे समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब असते. खिडकी असली तर चौकोनी दिसते, वावरात उभं माणूस असलं तर वरच्या अंगाला बारीकशी. एका डोळ्यात एकच, अन् दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. उजेड डावीकडून वरून येत असला तर चमक डावीकडं वर, अन् बुबुळाचा उजवीकडचा खालचा भाग थोडा उजळ करायचा कारण उजेड आत शिरून तिकडं पसरतो. हे एवढं केलं की डोळ्यात पाणी असल्यासारखं वाटते. काळा ट्यूबमधून घेऊ नको, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) अन् अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळ, त्याचा काळा जिवंत असतो, ट्यूबचा काळा म्हणजे नुसतं भोक पडल्यासारखं.

मी ब्रह्मपुरीकडची. माझा काका झाडीपट्टीच्या नाटकात मेकअप करायचा, लहानपणी वडशाला त्याच्या मागं मागं हिंडलेली आहे. तो म्हणायचा, शेवटच्या रांगेतल्या बाईले डोळा दिसला पायजे. त्यासाठी पापणीच्या बाहेर काजळ ओढायचा अन् आतल्या कोपऱ्यात पांढरा ठिपका. स्टेजवर ते चालते कारण पाहणारा शंभर हातावर बसला आहे. तुझ्या चित्राले पाहणारा दोन हातावर उभा राहणार, तिथं हा नाटकी डोळा चालत नाही.

मुठाकाठ | २२ एप्रिल, सकाळी १०.०२

छान धागा. इजिप्तमधली फयूमची व्यक्तिचित्रं जरूर बघा. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, लाकडी फळ्यांवर, बरीचशी मेणात रंग मिसळून केलेली, आणि ममीच्या चेहऱ्यावर बसवलेली. म्हणजे तुमच्यासारखंच, गेलेल्या माणसाचं चित्र. त्यात डोळे मुद्दाम मोठे आणि गडद काढलेत, तरी चेहरा खोटा वाटत नाही. तेव्हा मास्तरांची मापं सोडून थोडं मोठं करायला हरकत नसावी. मेणाचं तंत्रही करून बघण्यासारखं आहे.

सोनपापडी | २२ एप्रिल, सकाळी १०.२०

पुण्यात बसून मेण सांगून राहिले. इकडं ४५ चालू आहे साहेब, टिनाच्या छपराखाली आजी खाली घरंगळत येईन.

मुठाकाठ | २२ एप्रिल, सकाळी १०.४५

मधमाश्यांचं मेण साठ अंशांच्या वर वितळतं. तुमचं छप्पर तेवढं तापतं का?

सोनपापडी | २२ एप्रिल, सकाळी १०.४७

एप्रिलमध्ये नाही. मे मध्ये सांगतो.

रंगीत_मास्तर | २२ एप्रिल, दुपारी १२.३०

मापं सोडून मोठं करायला आधी मापं यावी लागतात, एवढंच नम्रपणे सुचवतो.

चितारओळ_पोरगा | २२ एप्रिल, दुपारी २.१५

आमचं घर नागपूरच्या चितारओळीतलं, मूर्त्या करणाऱ्यांचं. आमच्याकडं डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, अन् ती घरातल्या एकाच माणसाच्या हातची. बाकीचं रंगकाम कोणीही करते. बाबा आखणी करायचे तेव्हा आम्हाले खोलीत बोलायची बंदी होती, मले वाटे भक्तिभाव आहे, मोठा झाल्यावर कळलं की हात हलू नये म्हणून.

एक गोष्ट त्यांच्याकडून शिकलो. मूर्ती मखरात जेवढ्या उंचीवर बसणार तेवढ्याच उंचीवर ठेवून डोळे आखायचे. पाहणारा खाली बसला असते, म्हणून नजर थोडी खाली. पाटावर समोर ठेवून काढली अन् मग वर नेऊन ठेवली तर देव छताकडं पाहून राहिला असं वाटते. तुझं चित्र कुठं लागणार? भिंतीवर वर लागणार असन अन् तू जमिनीवर आडवं ठेवून काढून राहिला असशील तर तिथंच घोळ आहे. टेकवून उभं कर. अन् अर्ध्या अर्ध्या तासानं आरशात पाय, नाही तं मोबाइलमध्ये फोटो काढून उलटा कर. तिरळेपणा लगेच दिसते, समोरून आपली नजर त्याले सरावलेली असते.

मेळघाटी | २२ एप्रिल, दुपारी ३.००

+१ आरसा. मी जमिनीवर पसरून काढायचे, उभं केलं की प्रत्येक चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांब. कितीतरी दिवस मला वाटायचं की माझ्या नात्यातलेच सगळे लांब तोंडाचे आहेत.

पऱ्हाटीवाला | २२ एप्रिल, रात्री ९.५०

तुमा सगळ्यांचे लय आभार. आज काढून पाह्यलं. पुसायला गेलो तर नवीनच लफडं. पांढरा लावला की तो करडा होऊन राहिला, खालचा कोळसा वर येते. अन् एका डोळ्यावर अॅक्रेलिक बसतच नाही, वाळल्यावर नखानं सालपटं निघून राहिले. रंग खराब आहे का? डबी मागच्या वर्षीची आहे.

वैनगंगा | २२ एप्रिल, रात्री १०.१०

रंगाले दोष देऊ नको. कोळसा फिक्स केला होता का? नाही ना. फिक्सेटिव्ह (कोळसा धरून ठेवणारा फवारा) नसलं तर हेअर स्प्रे मार, दुरून, दोन हलके हात, मधे वाळू दे. काही वर्षांनी पिवळं पडते म्हणतात तेव्हा भडिमार करू नको. अन् सालपटं निघतात त्या डोळ्यावर आधी ऑइल पेस्टल लावला होता, हो ना? तेलकट वस्तूवर पाण्याचा रंग धरत नाही. आधी पाण्यातले सगळे, तेलाचे सगळ्यात शेवटी. उलट कधीच नाही. ब्लेडनं खरवड, मऊ कपड्यानं पूस, जेसोचा पातळ हात मार अन् मग पुढं जा.

पऱ्हाटीवाला | २२ एप्रिल, रात्री १०.१४

ऑइल पेस्टलच होता. तुमाले कसं कळलं बाप्पा.

वैनगंगा | २२ एप्रिल, रात्री १०.१६

माझी स्वतःची तीन चित्रं अशीच सोलली आहेत.

गेरूकाव | २३ एप्रिल, सकाळी ८.३०

कोळसा कोणता वापरता भाऊ? दुकानातला का घरचा?

पऱ्हाटीवाला | २३ एप्रिल, सकाळी ८.५५

घरचा. तुराट्याच्या पेन्सिलीएवढ्या काड्या करायच्या, सालं काढायचे, पत्र्याच्या डब्यात ठासून भरायच्या, झाकणाले खिळ्यानं एक भोक, अन् चुलीत आरावर ठेवून द्यायचं. भोकातून धूर थांबला की डबा बाहेर काढायचा पण थंड होईपर्यंत उघडायचा नाही, नाही तं हवा लागून राख होते. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्याचा पण करून पाह्यला, तो कडक होते, कागद ओरखडते. तुरीचा मऊ येते.

गेरूकाव | २३ एप्रिल, सकाळी ९.१०

वा! मी काळी माती वापरायच्या नादात होतो. वावरातली आणली, गाळली, फेविकॉलमध्ये कालवली अन् आज्याच्या चित्राले केस केले. पंधरा दिवसांत टक्कल.

रंगीत_मास्तर | २३ एप्रिल, सकाळी ११.४०

पडणारच. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं, पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं. वावराला भेगा पडतात त्या यामुळेच, तर तुमच्या आज्याला का सोडेल. गेरू वापरा, तो लोहाचा ऑक्साइड आहे, उन्हातही रंग सोडत नाही. पोळ्याला बैलाच्या पाठीवर लावता तोच, फक्त वस्त्रगाळ करून घ्या.

बंडीवाला | २३ एप्रिल, दुपारी १.२०

पोळ्याचा विषय निघाला म्हणून बोलतो, नाही तं आपल्याले पोर्ट्रेट बिर्ट्रेट काही समजत नाही. मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतो, सीझनले तीस-चाळीस होतात. पहिल्या वर्षी डोळे काढले माणसासारखे, गोल बाहुली, अन् दोन्ही समोर पाहणारे. पोट्टे भेवून रडाले लागले. एक बाई म्हणे, "भाऊ, हा बैल आमच्या जेठासारखा पाहून राहिला."

मग गोठ्यात जाऊन आमच्या बैलाचा डोळा जवळून पाह्यला. बैलाची बाहुली आडवी असते, लांबट. अन् डोळे बाजूले असतात. तसं काढलं अन् बैल बैल झाला. तवापासून आपला नियम, काढायच्या आधी ज्याचा काढायचा त्याचाच डोळा पाहावा, डोक्यातला काढू नये.

सोनपापडी | २३ एप्रिल, दुपारी १.३३

जेठ कोण आहे ते विचारलं का बे?

बंडीवाला | २३ एप्रिल, दुपारी १.४०

विचारलं. सरपंच निघाला.

डोळस | २३ एप्रिल, रात्री ९.०५

बंडीवाला भाऊंच्या पोस्टवरून लिहावंसं वाटलं. मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र तपासणीचं काम करतो, चित्रकलेशी संबंध नाही, पण रोज पन्नास-साठ म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहतो. धागा पहिल्यापासून वाचला. सगळ्यांनी डोळा कसा असतो ते सांगितलं, पण वीस वर्षांच्या माणसाचा. ऐंशी वर्षांच्या बाईचा डोळा तसा नसतो.

एक, बुबुळाच्या कडेला करडं-पांढरं कडं येते. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत असते, त्यानं नजरेले काही होत नाही, पण बुबुळाची धारदार काळी कड पुसट होऊन जाते. तुम्ही कड टोकदार काढली असेल तर चेहरा म्हातारा अन् डोळा तरणा, मग तो डोळा उसना आणल्यासारखा दिसणारच. दोन, बाहुली वयानुसार बारीक होत जाते, त्यात वावरातलं ऊन, म्हणजे आणखीच बारीक. तीन, पांढरं पिवळसर झालेलं असते. चार, वरच्या पापणीची कातडी लोंबते अन् बाहेरच्या कोपऱ्यात खाली येते, त्यामुळे डोळ्याचा आकार बदामासारखा राहत नाही, तिकोनी होतो.

अन् पाचवं आपल्या भागाचं. जन्मभर उन्हात, धुळीत निंदण-वेचण केलेल्या बायांच्या डोळ्यात नाकाकडून बुबुळाकडं मांस वाढलेलं असते, गुलाबी, तिकोनी, पाखराच्या पंखासारखं, त्यात बारीक रक्ताच्या शिरा. आधारच्या फोटोत ते दिसणार नाही. घरच्यांना विचारा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का तेही विचारा, कोणत्या डोळ्याचं ते पण.

वैनगंगा | २३ एप्रिल, रात्री ९.२०

माझे सगळे सल्ले रद्द समजा. हे वाचा.

रंगीत_मास्तर | २३ एप्रिल, रात्री १०.००

उत्तम माहिती. तरीही मापं तीच राहतात हे नोंदवून ठेवतो.

मुठाकाठ | २४ एप्रिल, सकाळी ९.३०

डोळस, माहिती सुरेख, पण एक शंका. प्रत्येक दोष जसाच्या तसा काढायचा का? चित्र श्राद्धाला लागणार आहे, तपासणीच्या कागदाला नाही. जुने फोटो स्टुडिओवाले म्हातारीच्या फोटोवर पेन्सिलनं हात फिरवून सुरकुत्या कमी करायचे, डोळ्यात चमक घालायचे, आणि घरचे खूश असायचे. थोडं सुंदर करून काढलं तर काय बिघडलं?

मेळघाटी | २४ एप्रिल, सकाळी १०.१५

बिघडते. माझ्या सासऱ्यांचा फोटो असाच केला होता तालुक्याच्या स्टुडिओत. मागं निळं आभाळ, अंगात कोणाचा तरी कोट, अन् डोळे असे चकाचक की सासूबाई हार घालताना दर वेळी पदर सारखा करतात. म्हणतात परका माणूस आहे.

सोनपापडी | २४ एप्रिल, सकाळी १०.१८

आमच्या आबाच्या फोटोले पण तोच कोट आहे. मरून जो तो सूट घालतो आमच्या तालुक्यात.

चितारओळ_पोरगा | २४ एप्रिल, दुपारी १२.०५

मुठाकाठ साहेब, देवाचे डोळे सुंदरच करावे लागतात, कारण देव कोणी पाह्यला नाही. आजी सगळ्यांनी पाह्यली आहे.

वैनगंगा | २४ एप्रिल, दुपारी १२.४०

दोन्ही पटते. पण पऱ्हाटीवाल्याचा प्रश्न सुंदरचा नव्हताच, भावाचा होता. अन् भाव बुबुळात कमी, आजूबाजूलाच जास्त असतो. फोटोवर हात ठेवून करून पाहा, भुवया अन् खालच्या पापण्या झाकल्या तर माणूस हसून राहिला का रडून राहिला सांगता येत नाही. खरं हसू असलं की गाल वर चढतो, खालची पापणी थोडी वर ढकलल्या जाते अन् कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. एकोणिसाव्या शतकात दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याचे स्नायू तपासले होते अन् १८६२ मध्ये छापलं, की ओठ ठरवून हसवता येतात पण डोळ्याभोवतीचा स्नायू सहज तसा हलत नाही. दुःखात भुवईचं आतलं टोक वर जाते. भेवून गेलेल्या माणसाचं बुबुळाच्या वर पांढरं दिसते. म्हणून विचारते, तुझी आजी त्या चित्रात काय करून राहिली आहे? पाहून राहिली आहे तर कोणाकडं?

गेरूकाव | २४ एप्रिल, दुपारी १.००

अन् डोळ्याखाली पेपर आला आहे का? अक्षरं दिसत असतील तर ती पापणीच्या केसांशी भांडतात, दोन्ही बारीक काळ्या रेघाच. डोळ्याच्या जागी कोरा करडा कागद लाव, नाही तं अक्षरं जेसोनं विझव. कापसाचा भाव कानापाशी राहू दे.

मेळघाटी | २४ एप्रिल, दुपारी १.२५

मी एक युक्ती करते. डोळा चित्रावर काढतच नाही. वेगळ्या पातळ पांढऱ्या कागदावर काढायचा, चार-पाच, जो जमला तो कडा हातानं फाडून (कात्रीनं नाही, कात्रीची कड दिसते) अर्धं फेविकॉल अर्धं पाणी करून चिकटवायचा. चुकला तर चित्र खराब होत नाही. पतंगाचा रंगीत ताव घेऊ नका, पाणी लागलं की रंग सोडतो, माझी एक नवरी त्या नादात हिरव्या डोळ्यांची झाली.

रंगीत_मास्तर | २४ एप्रिल, दुपारी २.००

ही पळवाट आहे.

मेळघाटी | २४ एप्रिल, दुपारी २.०४

असू द्या सर, मिक्स मीडिया म्हणजे पळवाटाच की.

पऱ्हाटीवाला | २७ एप्रिल, रात्री १०.३०

तीन दिवस गायब होतो, चुलत भावाकडं लग्न होतं, अन् लाइट पण नव्हती. सगळं वाचलं, आईले बी वाचून दाखवलं.

डोळस साहेब, तुमचं वाचून आईले विचारलं. आई म्हणे, "डाव्या डोयात मास होतंच की तिच्या. तुले नाई माहीत? तू तं तिच्या मांडीवर मोठा झाला." अन् मले खरंच नव्हतं आठवत. मग आठवलं, लहानपणी मी तिच्या डोळ्याले बोट लावाले जायचो, म्हणायचो आजी तुझ्या डोळ्यात पाकळी पडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन उजव्याचं झालं होतं, शिबिरात.

वैनगंगा ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस बसलो. मी तिले कुठंच पाहाले नव्हतं लावलं, नुसते समोर दोन डोळे काढले होते. ती सांजच्या पारी ओट्यावर बसायची अन् गावाबाहेरच्या रस्त्याकडं पाहायची, कोण येऊन राहिलं ते. उन्हं समोरून, म्हणून डोळे बारीक करून, डावा जरा जास्त बारीक. मग तसंच काढलं. वरची पापणी लोंबवली, खालची वर आणली, बुबुळ अर्धंच दिसते आता. कडेला करडं कडं दिलं, गेरूत पांढरा मिसळून त्याची पाकळी घातली, शिरा बाभळीच्या काट्यानं ओल्या रंगात ओरखडून काढल्या. चमक एकच, खाली झुकलेली, कारण सूर्य खालीच असते त्या वेळी. ती पण जेल पेननं नाही, ब्रशच्या टोकानं. मेळघाटी ताईची युक्ती वापरली, तिसरा कागद जमला.

पण रंग इतका भराभर वाळून राहिला की डोळ्यातले दोन रंग एकमेकांत विरघळतच नाहीत. कूलरसमोर बसलो तर पाण्याचे थेंब उडून कपाळावर देवी आल्या.

वैनगंगा | २७ एप्रिल, रात्री १०.४१

डब्याच्या झाकणात ओला कपडा, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. दोन-तीन तास राहतात. अन् सकाळी पाचले बस, कूलर बंद करून. डावा डोळा झाला का पुरा? फोटो टाक.

डोळस | २७ एप्रिल, रात्री १०.५५

पाकळी हा शब्द मी आता पेशंटना सांगणार. मांस म्हटलं की घाबरतात.

पऱ्हाटीवाला | ३० एप्रिल, सकाळी ८.२०

दोन्ही झाले. काल आईनं पाह्यले. काही बोलली नाही, चित्राच्या बाजूलेच तांदूळ निवडत बसली संध्याकाळपर्यंत. मले वाटलं जमलं.

आज सकाळी पांढरकवड्याहून बाबांचे मामा आले, आजीचा सख्खा भाऊ. उभं राहून पाह्यलं पाच मिनिटं. म्हणे, "डोये तिचेच हाय. पण चष्मा कुठी हाय? चष्म्याबिगर तं थे भाकर बी खात नव्हती."

राजेहो, चष्मा! ऑपरेशननंतर सतत लावायची. आधारच्या फोटोत काढायला लावला होता अन् लग्नातल्या फोटोत मान खाली. मी रोज पाह्यलेला चष्मा अन् मलेच सुचला नाही, आई पण काही बोलली नाही. आता काय करू?

सोनपापडी | ३० एप्रिल, सकाळी ८.२२

😂😂😂 दहा दिवस, पन्नास प्रतिसाद, फ्रान्सचा डॉक्टर, इजिप्तची ममी, अन् म्हातारीले चष्मा होता.

रंगीत_मास्तर | ३० एप्रिल, सकाळी ९.००

फ्रेमची वरची कड भुवईला धरून, काचेची सावली गालावर. काचेवर चमक आली तर डोळ्यातली चमक कमी करावी लागेल, दोन्ही एकत्र ओरडू देऊ नका.

डोळस | ३० एप्रिल, सकाळी ९.३५

आणखी एक वाईट बातमी. नंबर प्लसचा असेल तर काचेमागं डोळे मोठे दिसतात, मायनसचा असेल तर लहान. म्हणजे चष्म्यासह काढायचा तर डोळे पुन्हा काढावे लागतील. नंबर कोणता होता?

पऱ्हाटीवाला | ३० एप्रिल, सकाळी ९.४०

पुन्हा नाही काढत. काहीही सांगा, पुन्हा नाही काढत.

सोनपापडी | ३० एप्रिल, सकाळी ९.४४

खरा चष्मा असन ना घरात? थोच चिकटव की बे. लुगडं लावलं, पेपर लावला, मंग चष्म्यानं काय घोडं मारलं. काच डोळे मोठे करन ते करन, तुले ब्रश धरायची गरज नाही.

डोळस | ३० एप्रिल, सकाळी ९.५८

चित्राला अगदी टेकवला तर काच काही मोठं करणार नाही, मधे अंतर पाहिजे. पण कल्पना भारी आहे.

चितारओळ_पोरगा | ३० एप्रिल, सकाळी १०.१०

नाकापाशी दोन लाकडी गुटके लाव, त्यावर टेकव. आम्ही मुकुट असाच बसवतो.

पऱ्हाटीवाला | ३० एप्रिल, दुपारी १.१५

भिंतीतल्या देवळीत सापडला. प्लसचाच आहे, समोर धरला की पेपरातली अक्षरं मोठी दिसतात. आईले विचारलं. म्हणे ने, पण एका काडीले तिनं दोरा गुंडाळला आहे तो सोडायचा नाही अन् काच पुसायची नाही.

डोळस साहेब, अंतर किती बोटं ठेवू?